पान एकशे बारावरची आग

सिंदेवाहीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गफ्फारचं कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात पडदा लावून त्याची बायको सईदा साड्यांना पिको-फॉल करून देते. वय बेचाळीस, शिक्षण दहावी, मराठी शाळेत. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. गिऱ्हाइकाशी बोलताना तिची नजर सुईवरच असते.

पुस्तकांचा नाद तिला उशिरा लागला. सासूला लकवा मारला तेव्हा दोन वर्षं तिच्या खाटेजवळ बसून राहावं लागायचं. शेजारच्या बाईनं वेळ जावा म्हणून वाचनालयाचं एक पुस्तक आणून दिलं. ते झालं, दुसरं आलं. सासू गेली, पण पुस्तकांचं येणं थांबलं नाही. मग ती मशीन चालवता चालवता समोर बसलेल्या बायकांना सांगू लागली, "बाई, ही कादंबरी नका घेऊ. दोनशे पानं पोरगी बरी असते, मंग लेखकाले कंटाळा आला का काय, तिले विहिरीतच ढकलून दिलं." बायका हसायच्या. एकदा त्या हसणाऱ्यांत वाचनालय सांभाळणाऱ्या गुलाबभाऊंची बायको होती.

गुलाबभाऊ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला एक बैठक घेत. नाव 'वाचलं ते सांगा'. निवृत्त मास्तर, तहसीलमधला एक बाबू, दोन-चार कॉलेजच्या मुली, एवढीच माणसं. प्रत्येकानं नुकतंच वाचलेलं पुस्तक घ्यायचं आणि त्यावर आपलं मत सांगायचं. बायकोचं ऐकून त्यांनी सईदालाही बोलावलं. पहिल्यांदा ती चार वाक्यं बोलली आणि खाली बसली. पण ती चार वाक्यं लोकांना आवडली. पुढच्या तीन वर्षांत तिचा नंबर शेवटी ठेवायची पद्धत पडली, कारण ती बोलून झाली की लोक उठून जात.

भीती मात्र गेली नाही. बैठकीच्या आधीच्या शुक्रवारपासून तिच्या घशाखाली घास उतरत नसे. गफ्फार म्हणायचा, "इतका डर लागते, तं जाते काऊन?"

"नाई गेली तं पुस्तक पोटातच राह्यते," ती म्हणायची.

मागच्या ऑक्टोबरात गुलाबभाऊंनी तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. धनराजबापूंचं आत्मचरित्र. बापू म्हणजे तालुक्यातले जुने भातगिरणीवाले. वय ऐंशीच्या पुढे. गिरणीनंतर त्यांनी शाळा काढली, आता ती त्यांचा मुलगा सुनिल बघतो. त्याच शाळेत सईदाची मुलगी उमेरा दीड वर्षापासून कंत्राटी शिक्षिका होती. दर जूनमध्ये तिची ऑर्डर नव्यानं निघायची, आणि ती निघेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

पुस्तक तिला खरंच आवडायला लागलं. चिमूरहून बैलगाडीनं धान आणायचे दिवस, पहिलं इंजिन आलं तेव्हा त्याला हळदकुंकू लावायला जमलेल्या बाया, इंजिन सुरू झाल्यावर त्या बायांची उडालेली पळापळ. ती एकटीच हसत होती. मग पान एकशे बारा आलं.

तिथं लिहिलं होतं: 'एका मिस्त्रीच्या विडीमुळे भुशाच्या खोलीला आग लागली. मिस्त्री पळून गेला. मी क्षणाचाही विचार न करता धुरात शिरलो आणि आत अडकलेल्या तीन मजूर भगिनींना एकेक करून खांद्यावरून बाहेर आणले.'

मिस्त्रीचं नाव नव्हतं. पण त्या गिरणीला मिस्त्री एकच होता. वाजिद मिस्त्री. सईदाचा बाप.

आग लागली तेव्हा ती दहा वर्षांची होती. डिसेंबरची सकाळ होती. अब्बांना घरी आणलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात केळीच्या पानात गुंडाळलेले होते. महिनाभरानं त्यांना गिरणीतून काढून टाकलं. पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान घातलं, पण मूठ पुरती मिटत नव्हती, पाना हातातून निसटून जायचा. मरेपर्यंत ते सांगत राहिले, "तीनों को मैंने निकाला बेटा, और आग का ठप्पा भी मेरे पे." त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

तिनं पुस्तक मिटलं.

संध्याकाळी तिनं ते पान गफ्फारला वाचून दाखवलं. गफ्फार बराच वेळ हातातलं कुकरचं झाकण पुसत राहिला. मग म्हणाला, "वापस करून दे. डोळे दुखतात म्हण."

उमेरा तर रडकुंडीलाच आली. "अम्मी, तू कुछ मत बोल वहाँ. मेरी ऑर्डर का सोच. सुनिलसर सब सुनते."

दुसऱ्या दिवशी सईदा वाचनालयात गेली आणि या महिन्यात येत नाही म्हणून सांगू लागली. गुलाबभाऊ घाबरेघुबरे झाले. "असं नका करू जी. बापूनं वीस प्रती फुकट देल्ल्या. या वेळची सारी बैठक त्या पुस्तकावरच हाये. बैठकीच्या कागदावर तुमचं नाव छापून गेलं. बाकीचे तं प्रस्तावना वाचून येतात, तुमी पुस्तक वाचता."

तिनं स्वतःशी ठरवलं. पहिल्या शंभर पानांवर बोलायचं. इंजिनाची गोष्ट सांगायची, लोकांना हसवायचं आणि खाली बसायचं.

त्या रविवारी नेहमीच्या दहा-बारांऐवजी पस्तीसएक माणसं होती. पहिल्या ओळीत सुनिल बसला होता, पायावर पाय टाकून. मास्तरांनी पुस्तकाला तालुक्याचा आरसा म्हटलं. तहसीलच्या बाबूनं बापूंना भीष्माचार्य म्हटलं. सईदाचा नंबर शेवटी. तिनं बैलगाड्यांबद्दल सांगितलं, बायांच्या पळापळीबद्दल सांगितलं, लोक हसले, सुनिलही हसला. ती बसायला वळली.

गुलाबभाऊंची एक सवय होती. प्रत्येकाला ते शेवटी विचारत, पुस्तकात काय खटकलं? त्या दिवशी बाकी कोणाला त्यांनी विचारलं नव्हतं. तिला मात्र सवयीनं विचारून बसले, आणि विचारताच त्यांचं त्यांनाच कळलं, कारण त्यांनी लगेच ओठ चावला.

'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. पंखा घरघरत होता. समोर सुनिलचा चकचकीत बूट हलत होता. तिला अब्बांची न मिटणारी मूठ दिसली, आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"पान एकशे बारा खोटं हाये."

सुनिलचा बूट हलायचा थांबला.

"मिस्त्री पळाला नव्हता. तो माहा बाप होता. वाजिद मिस्त्री. तिघी बायाले त्यानंच बाहेर काढलं. त्याचे हात जळले. बापू आत गेले नव्हते." एवढं बोलून ती बसली.

टाळ्या वाजल्या नाहीत. गुलाबभाऊ "चहा, चहा" करत मागच्या खोलीत गेले. सुनिल उठला, बूट पायातच होते, चपलांच्या ढिगाकडे न बघता सरळ बाहेर गेला. गुलाबभाऊ बैठकीचं चित्रण आपल्या फोनवर करत, ते त्यांनी कोणाला पाठवलं नाही. पण फोन काय एकच होता? सहा वाजायच्या आत ते गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरत होतं.

पुढचे आठ दिवस तिला आयुष्यभर आठवतील. कोणी काहीच बोललं नाही. भांडायला कोणी आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. साड्या टाकायला येणाऱ्या बायका साडी ठेवायच्या, रंग सांगायच्या आणि निघून जायच्या. बसून गप्पा मारायला कोणी थांबेना. गल्लीच्या तोंडाशी चारचाकी थांबली की तिचा पाय मशीनवरून आपोआप उचलला जायचा. एकदा सुई बोटातून आरपार गेली. उमेरा शाळेतून आली की दप्तर खुर्चीवर टाकून आत जायची. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "हेडसर मेरी तरफ देखते नहीं अब." गफ्फार दुकानात रेडिओ लावायचा, तो लावेनासा झाला. बाहेर काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून.

तिनं त्याला विचारलं, "तुमाले वाटते का, ते आपल्याले इथून हाकलतीन?"

"आपन हितलेच आहोत ना," तो म्हणाला. पण बोलताना त्यानं शटरकडे बघितलं.

नवव्या दिवशी सकाळी अकराला बापूंचा ड्रायव्हर दारात उभा राहिला. "बापूनं बोलावलं बाईले. पुस्तक घेऊन या म्हणे."

गफ्फार हात पुसून निघाला, तर ड्रायव्हर म्हणाला, "एकटी बाईच." तरी गफ्फार स्कूटर घेऊन मागे-मागे गेला आणि बापूंच्या फाटकासमोर सूर्यफुलाच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून राहिला.

आत मोठ्या खोलीत बापू आरामखुर्चीत होते. डोळ्यांवर काळा चष्मा. बाजूला सुनिल उभा. सईदाला खुर्ची दिली, ती टोकावर बसली.

सुनिल म्हणाला, "तुमची पोरगी आपल्या शाळेत हाये, नाई का?" आवाज अगदी शांत होता. तिनं नुसती मान हलवली.

"तू चूप राय रे," बापू म्हणाले. मग तिच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "मले दिसत नाई आता. कोनतं पान म्हटलं तू? वाच."

तिला वाटलं होतं ओरडतील. वाच म्हणतील असं वाटलं नव्हतं. तिनं पुस्तक उघडलं. अक्षरं हलत होती, म्हणजे हात हलत होता. तिनं वाचलं. 'मिस्त्री पळून गेला' इथं आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. खांद्यावरून बाहेर आणलेल्या भगिनींपर्यंत वाचून तिनं पान बोटात धरून ठेवलं.

"हे मी लिहिलं नाई," बापू म्हणाले. "एका प्राध्यापकानं लिहिलं. मी सांगत गेलो, तो लिहत गेला. तीस वर्षं सांगून राह्यलो, बाई. आधी म्हनो, बादल्या मारल्या. मंग म्हनाले लागलो, दारापाशी गेलो. सांगता सांगता आतच जाऊन आलो. आता डोळे मिटले का मले तो धूर दिसते."

"बाबा, तुमची तब्येत..." सुनिल पुढे झाला.

बापूंनी हात वर केला. "वाजिद चांगला मिस्त्री होता," ते म्हणाले. सईदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच ते म्हणाले, "तुह्या बापानं तिघीले काढलं म्हनते. तू पाह्यलं?"

"मी घरी होती. दहा वर्षांची होती."

"मंग कोनं सांगतलं?"

"अब्बांनी."

"म्हंजे तुहं नि माहं सारखंच झालं," बापू म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "तिघीतली शकू जिती हाये अजून. नवरगावच्या रस्त्यावर, जंगलाच्या कडच्या टोलीवर राह्यते. मी तिले कधी इचारलं नाई. तू इचार."

ती बाहेर आली तेव्हा गफ्फार उठून उभा राहिला. ती धड आहे की नाही हे बघावं तसं त्यानं तिला खालीवर बघितलं. पुस्तक तिथंच राहिलं होतं, ते आणायला परत जायची तिची छाती झाली नाही.

आता वेगळीच भीती सुरू झाली. सुनिलची, शाळेची, गल्लीच्या तोंडाशी थांबणाऱ्या गाडीची भीती होतीच. तिच्या खाली आणखी एक होती, आणि ती तिला कोणाला सांगता येत नव्हती. अब्बा विडी ओढायचे. दिवसाला एक कट्टा. हे सगळ्या गावाला माहीत होतं. अब्बांनीही सांगता सांगता काही वाढवलं असेल तर? पस्तीस माणसांसमोर, सगळ्या तालुक्याच्या फोनवर, आपण काय बोलून बसलो?

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, ती गफ्फारला म्हणाली, "चला."

धानकापणी सुरू होती. त्या रस्त्यावर पंधरा दिवसांपूर्वी वाघानं एका बाईला धानाच्या बांधीतून उचललं होतं, म्हणून बाया घोळक्यानं कापत होत्या आणि शेताच्या धुऱ्यावर एक माणूस उभा राहून पिंपावर काठी मारत होता. सागाच्या झाडांमधून रस्ता आत शिरला तसा गफ्फार सारखा हॉर्न वाजवू लागला. एका वळणावर तो म्हणाला, "घट्ट धर, आनि खाली उतरू नको." सईदानं त्याचा शर्ट धरला होता, पण तिचं झाडीकडे लक्ष नव्हतं. रस्ता संपूच नये असं तिला वाटत होतं.

टोली म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती, शकुबाईचं घर तिच्या शेवटाला होतं. बाई पासष्टीची, डाव्या कानाची पाळी जळून गेलेली, त्यावर पदर ओढून घ्यायची सवय. कॉलेजात जाणारी नात, दिव्यानी, सईदाला बघताच म्हणाली, "आजी, हेच ते. मोबाइलवरचे." शकुबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं नातीला चहा ठेवायला आत पाठवलं. गफ्फार बाहेर स्कूटरजवळच थांबला.

"मी वाजिद मिस्त्रीची पोरगी," सईदा म्हणाली.

"कळलं मले. तोंडावर लिवलंच हाये तुह्या."

"तुमाले गिरणीतून कोनं काढलं, बाई?"

शकुबाईनं जमिनीकडे बघत सांगितलं, "मले कोनी नाई काढलं. भुसा फेकाले भिंतीले भोक होतं, त्याच्यातून मी सरपटत निंगाली. कान तवाच भाजला. बाकीच्या दोघीले तुह्या बापानं काढलं. हे मी ह्या डोळ्यानं पाह्यलं. त्याच्या हाताचं कातडं लोंबून राह्यलं होतं, तरी दुसरीसाठी तो परत आत गेला."

"आनि बापू?"

"ते बाहेर होते. ओरडून राह्यले होते. पन जीप त्यानंच काढली. डायवर नव्हता, चंद्रपूरपावतर त्यानंच हाकलली. नाई तं एक पोरगी रस्त्यातच मरून जाती. वाचली."

सईदाला वाटलं, आता उठावं. एवढं पुरे. पण शकुबाईचे हात पदराच्या टोकाशी सारखे चाळा करत होते. सईदानं विचारलंही नव्हतं, तरी ती बोलू लागली.

"त्या दिवशी थंडी गंज होती. बॉयलरवरून निखारे आनले होते, घमेल्यात. हात शेकाले. मीच आनले. भुशाच्या खोलीत आनू नको म्हनत होता तुहा बाप, रोज म्हने. आमी आनलेच. थोडकंसं उडलं." ती थांबली. "त्याले कामावरून काढलं, तवा सांगाव म्हटलं. घरून निंगाली बी होती. मंग म्हटलं, जेलात टाकतीन. लेकरं लहान होती. नाई सांगतलं. त्या दोघी बी बोलल्या नाई. आता त्या दोघी बी मेल्या."

आत भांड्याचा आवाज झाला. शकुबाई दचकली.

"बाई, आता पोलिस येतीन का?" तिनं कुजबुजत विचारलं. "तू पुस्तकवाली हाये म्हनते दिव्यानी. हे लिवू नको. पोट्टीले माहीत नाई."

सईदा उठून तिथून पळून जाणार होती. तिच्या डोक्यात रक्त चढलं होतं. बाप सायकलची साखळी दातांनी ओढायचा, कारण बोटं वळत नव्हती, आणि ही बाई सहा कोसांवर गप्प बसली होती. ओरडावं, नातीला आतून बोलवावं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं शकुबाईच्या हातांकडे बघितलं. ते तसेच हलत होते, जसे बापूंच्या खोलीत तिचे हलत होते. तिचे तर आठ दिवस हलले. हिचे तीस वर्षं.

"मी लिहत नाई, बाई," सईदा म्हणाली. "मी वाचते फक्त."

चहा आला. तिनं तो गरमच घशाखाली ओतला.

परतीच्या रस्त्यावर गफ्फारनं विचारलं. तिनं सांगितलं, दोघींना अब्बांनी काढलं, तिसरी आपली आपण निघाली.

"आनि आग?"

"माहीत नाई."

चोवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. ते इतकं सहज आलं की तिचं तिलाच भय वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा गेली. उमेरानं आदल्या दिवशी हात जोडले होते. "अम्मी, अब बस." सईदा तिला म्हणाली, "अधुरा बोलून ठेवलं मी, बेटा. आनि थोडं गलत बी." एवढ्यावर मुलीशी बोलणं संपलं.

या वेळी माणसं वीसेक. सुनिल नव्हता, पण मागे एक अनोळखी माणूस फोन वर धरून उभा होता. तो फोन बघून तिनं पाणी मागितलं. गुलाबभाऊंनी पाणी दिलं, ते अर्धं साडीवर सांडलं.

"मागच्या वेळी मी म्हटलं, तिघीले माह्या बापानं काढलं," ती म्हणाली. "ते चूक होतं. मी पाह्यलं नव्हतं, ऐकलं होतं. दोघीले त्यानं काढलं. तिसरीचं नाव शकुबाई गुरनुले. ती स्वतःच भिंतीच्या भोकातून निंगाली, तिले कोनी वाचवलं नाई. पुस्तकात तिघीचं नाव नाई, नुसतं भगिनी लिहिलं हाये. आनखी एक. जखमी बायाले बापूनं सोता जीप हाकलून चंद्रपूरले नेलं. त्याच्यानं एकीचा जीव वाचला. हे पुस्तकात असाले पाह्यजे होतं, ते बी नाई. माह्या मते हे पान पुन्हा लिहाले पाह्यजे."

ती बसणार, तेवढ्यात निवृत्त मास्तरांनी हात वर केला. "पण मग, सईदाबाई, तुमच्या मते आग लागली कशी?"

मास्तर सहज विचारत होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. खोलीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळली आणि तो फोनही थोडा पुढे आला. एक वाक्य बोललं की अब्बांवरचा ठप्पा पुसला जाणार होता. ते वाक्य जिभेवर होतं.

"सर, मी पुस्तकावर बोलून राह्यली," ती म्हणाली. "पुस्तकाले माहीत नाई आग कशी लागली. विडीनं लागली हे त्यानं उगीच लिहिलं. ज्याचं माहीत नाई, ते लिहू नये. एवढंच."

मास्तरांनी मान डोलावली. एका कॉलेजच्या मुलीनं टाळी वाजवली, तिच्यामागून चार-पाच.

त्यानंतरच्या गोष्टी हळूहळू झाल्या. डिसेंबरात सुनिलचा माणूस येऊन वाचनालयातल्या प्रती 'दुरुस्ती करायची आहे' म्हणून घेऊन गेला. त्या अजून आल्या नाहीत. बापूंकडून पुढे काही निरोप आला नाही. ते आता अंथरुणाला खिळले आहेत असं ड्रायव्हर सांगतो. जूनमध्ये उमेराची ऑर्डर निघाली नाही. हेडमास्तरांनी पटसंख्या कमी झाल्याचं कारण दिलं. तिच्या जागी जी मुलगी आली, तिच्या वर्गात पोरं तेवढीच आहेत. उमेरा पंधरा दिवस आईशी बोलली नाही. मग चंद्रपूरला एका खासगी शिकवणी वर्गात लागली, मैत्रिणीच्या खोलीवर राहते, शनिवारी येते. आल्यावर आईच्या मशीनवर बसून जुने कपडे शिवत राहते. या विषयावर दोघी बोलत नाहीत. एकदाच उमेरा म्हणाली, "नाना के हाथ मुझे याद है." आणि पुन्हा मशीन चालू केली.

अब्बांच्या कबरीवर सईदा त्या वर्षी दोनदा जाऊन आली. तिथं ती काय बोलली ते तिलाच माहीत.

एका दुपारी दुकानात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. सईदानं घाबरत उचलला. पलीकडे दिव्यानी होती. "आजीले बोलाचं हाये," म्हणून तिनं फोन आजीच्या कानाला लावला.

"पोट्टीनं मोबाइलवर दाखवलं मले," शकुबाई म्हणाली. "दोनदा पाह्यलं. पन तू गुरनुले सांगतलं. ते माहेरचं. सासरचं निकुरे."

"चुकलं, बाई."

"निकुरे म्हनाचं."

"हाव. पुढच्या रविवारच्या बैठकीत सांगते."

"सांग," शकुबाई म्हणाली, आणि फोन कसा बंद करायचा ते न कळून तो तसाच चालू राहिला. सईदाला पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि मग आजी नातीला सांगत असलेली ऐकू आली, की पुढच्या रविवारी मले बी ने.